कोट घातलेली बादली

माझी पहिली बिअर इतकी वाईट झाली होती की ती संडासात ओततानासुद्धा मला लाज वाटली. वीस लिटर होती. चव पातळ आणि आंबट, वास ओल्या पुठ्ठ्याचा. बायकोने एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "तू पीएचडी कशात केलीस म्हणालास?"

रसायनशास्त्रात. आणि नोकरी जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या अवाढव्य रासायनिक कारखान्यांपैकी एकात, तीही गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत. दिवसभर दुसऱ्यांच्या मालात खोट काढणाऱ्या माणसाला घरी येऊन स्वतःचाच माल ओतून द्यावा लागला, हे मला फार झोंबलं. माझा स्वभावच तसा आहे. हरलो तर चालतं, पण का हरलो ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही आणि घरातल्या कुणाला मी पडू देत नाही.

ते किट मला सहकाऱ्यांनी वाढदिवसाला दिलं होतं. झाकणाची प्लास्टिकची बादली, काकवीसारख्या काळ्या दाट माल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या सातूच्या अर्काचा, एक डबा, डब्याच्या झाकणाखाली यीस्टची एक चिमुकली पुडी आणि सूचनांचा कागद. डबा कोमट पाण्यात विरघळवा, किलोभर साखर घाला, बादली पाण्याने भरा, वर यीस्ट भुरभुरा, दहा दिवस घरात ठेवा. मी कागदावरचं अक्षर न् अक्षर पाळलं होतं. चूक तीच होती. तो कागद किट खपावं म्हणून लिहिलेला असतो, बिअर चांगली व्हावी म्हणून नाही, हे कळायला मला चार महिने आणि तीन बादल्या लागल्या.

साखर पहिल्यांदा हद्दपार केली. तिच्या जागी माल्टचा दुसरा डबा आला, तेव्हा बिअरला अंग आलं. झाकणाखालची पुडी फेकून ताजं यीस्ट आणलं. बादली, चमचा, नळी, बाटल्या सगळं प्रयोगशाळेतल्यासारखं निर्जंतुक करू लागलो. तरी एक दोष जाईना. प्रत्येक बादलीला सडक्या केळ्यासारखा एक वास राहायचाच. तो उष्णतेचा. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, छपराखाली, उन्हाळ्यात तिथे सव्वीस अंश. यीस्टला हवे असतात अठरा. म्हणून बादली तळघरात न्यायची ठरली.

आमची इमारत जुनी, कामगारांच्या गृहसंस्थेची. प्रत्येक घराला तळघरात एकेक खण मिळतो. त्याला सगळे केलर म्हणतात. खणांच्या भिंती लाकडी पट्ट्यांच्या, मधे दोन बोटं फट, म्हणजे एका खणात उभं राहिलं की पुढचे चार खण फटीफटीतून दिसतात. आमचा खण शेवटचा होता. घर घेतलं तेव्हा हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस, म्हणाला होता की तळमजल्यावरच्यांकडे दोन केलर होते, त्यांतला एक काढून तुम्हाला दिलाय. कडीला कुलूप होतं, कुलपात किल्ली होती. "चांगलं कुलूप आहे, बदलू नका," तो म्हणाला. मी बदललं नाही. चांगली वस्तू बदलणं आमच्या घराण्यात नाही.

आत एक फळी होती, भिंतीवर दोन-तीन खिळे, एका खिळ्याला जुना तापमापक, आणि बसायला उलटं घातलेलं बाटल्यांचं खोकं. फळीवर एक मोठा गोल वळ होता. मी माझी बादली ठेवली तर ती त्या वळावर चपखल बसली. तेव्हा मला हा शुभशकुन वाटला होता.

तळघराचा दिवा बटण दाबल्यावर तीन मिनिटं चालतो आणि आपोआप जातो. मग पुढचं बटण शोधेपर्यंत अंधार. त्या अंधारात बादलीच्या झाकणावरची पाण्याची छोटी नळी ऐकू यायची. आतला वायू तिच्यातून बाहेर पडतो आणि दर काही सेकंदांनी आवाज येतो: गुडूप. जरा थांबून पुन्हा गुडूप. आवाजाचं कारण मला पूर्ण माहीत होतं, तरी पाठ त्या दिशेला करून उभं राहायला नको वाटायचं.

दुसऱ्या खिळ्याला मी सुतळीने एक वही आणि पेन्सिल टांगली. रोजचं तापमान, वास, नळीचे आवाज मिनिटाला किती. मी देवाबिवाचं काही करत नाही. पण वडील वाण्याच्या यादीवरसुद्धा वर श्री काढल्याशिवाय पहिली ओळ लिहायचे नाहीत, आणि ती सवय माझ्या हातात उतरली आहे. प्रयोगशाळेत मी ती दाबून ठेवतो. तळघरात कोण बघणार होतं? प्रत्येक पानावर श्री होतं.

ऑगस्टमध्ये उकाडा तळघरातही उतरला. कामावरून येऊन एके संध्याकाळी खाली गेलो तर बादलीला ओला टॉवेल गुंडाळलेला होता. टॉवेलचं टोक खाली एका पाण्याच्या तसराळ्यात सोडलेलं. आपल्याकडे माठाला ओलं फडकं गुंडाळतात, अगदी तसं. हवेत बावीस अंश होते, बादलीच्या अंगावर अठरा.

मी वर जाऊन बायकोला म्हटलं, "थँक्स. हे माझ्या डोक्यातच नाही आलं."

"काय?"

"टॉवेल."

"कसला टॉवेल? मी त्या भुयारात पाऊल टाकत नाही. तुला माहितीये."

"मग कोणी केलं?"

"तूच केलं असशील. गेल्या आठवड्यात चष्मा फ्रीजमध्ये ठेवला होतास."

हे खरं होतं, त्यामुळे वाद संपला. पण टॉवेल आमचा नव्हता. जाड, पिवळसर, कडेला निळी पट्टी. मी तो तसाच राहू दिला. रोज संध्याकाळी जायचो तेव्हा तो ओला असायचा आणि तसराळं भरलेलं.

ती बादली बाटल्यांत भरली, तीन आठवडे मुरवली आणि प्रयोगशाळेत नेली. एका सहकाऱ्याने घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "गेनाऊ." बरोबर, अगदी असंच. इथल्या माणसाकडून याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही. मी हवेत तरंगत घरी आलो. टॉवेल कोणाचा, हा प्रश्न त्या दिवशी मी स्वतःहून मिटवून टाकला. कोणीतरी फुकट माझी बिअर सुधारत होतं. विचारलं तर थांबेल, अशी मला भीती होती. ही गोष्ट मी नंतर बऱ्याच जणांना सांगितली, पण हा भाग गाळून.

मग वहीत लिखाण दिसलं.

माझ्या पेन्सिलीच्या नोंदीखाली निळ्या शाईत, तिरक्या, जुन्या वळणाच्या अक्षरात, जर्मनमध्ये: "एकवीस. फार गरम. टॉवेल पुन्हा ओला केला." मी कुलूप पाहिलं. शाबूत होतं. पट्ट्यांच्या फटीतून हात घालून वहीपर्यंत पोचणं शक्य नव्हतं. मी मोजून पाहिलं. तेवढ्यात दिवा गेला आणि माझ्या मागे बादली म्हणाली, गुडूप. बटण मला नेहमी पाच पावलांवर सापडतं. त्या दिवशी किती पावलं झाली ते आठवत नाही.

खरी भीती त्याच्या पुढच्या महिन्यात बसली. वहीचं नवं पान कोणीतरी उलटलं होतं आणि वर श्री काढलेलं होतं.

लिहिलेलं नाही, काढलेलं. रेघ खालून सुरू झालेली, वेलांटी सुटी, मधला तिरका फराटा भलतीकडे. ज्याला ते अक्षर आहे हेसुद्धा ठाऊक नाही अशा हाताने चित्रासारखं उतरवलेलं. त्याच्याखाली तापमान. माझ्या वडिलांनी आयुष्यभर ज्या खुणेने कागद सुरू केला, ती खूण जमिनीखालच्या त्या खोलीत कोणीतरी माझ्यासाठी गिरवून ठेवली होती. मला घाम फुटला आणि तळघरात सोळा अंश होते.

मी नवं कुलूप आणलं. ते आजही वेष्टणासकट माझ्या खणात आहे. लावायला गेलो, बादलीवर कान ठेवला, नळीचा आवाज इतका संथ, इतका सारखा होता की माझ्या कोणत्याही बादलीचा तसा कधी नव्हता. कुलूप खिशात ठेवलं आणि वहीत जर्मनमध्ये लिहिलं, "आभारी आहे."

दुसऱ्या दिवशी उत्तर होतं: "आभार कसले मानतोस? आणि फळीवर साखर पुन्हा? डॉक्टर काय म्हणाले ते विसरलास."

फळीवर साखरेची पुडी होती खरी. बाटलीत फेस यावा म्हणून भरताना चिमूटभर घालतात. पण मला कोणत्याच डॉक्टरने काही सांगितलेलं नव्हतं. ती ओळ वाचताना मला स्पष्ट जाणवलं की ती मला लिहिलेली नाही. मी ज्या जागेवर उभा होतो तिथे माझ्याआधी कोणीतरी उभं होतं, आणि लिहिणाऱ्याच्या लेखी ते अजून तिथेच होतं.

नोव्हेंबरात थंडी पडली. एका गुरुवारी मी दिवा लावला आणि किंचाळता किंचाळता राहिलो. फळीवर एक माणूस पाठमोरा बसला होता. खांदे रुंद, मान नाही.

तो कोट होता. पुरुषाचा, गडद राखाडी, जाड लोकरीचा. बादलीला घालून समोरची सगळी बटणं लावलेली, बाह्या दोन्ही बाजूंना नीट सोडलेल्या. कॉलरमधून फक्त पाण्याची नळी वर आली होती. तळघरात बारा अंश होते. मी कोटाच्या आत हात घातला. तिथे ऊब होती. यीस्ट काम करतं तेव्हा स्वतःची उष्णता तयार करतं, हे मी कुणालाही फळ्यावर लिहून समजावू शकतो. पण दुसऱ्याच्या कोटात हात घालावा आणि आत अंग गरम लागावं, याला ते स्पष्टीकरण पुरलं नाही.

शेवटी शनिवारी सकाळीच खाली गेलो. माझ्या खणात न जाता समोरच्या रांगेतल्या कोपऱ्यात, मोडक्या सायकलींमागे उभा राहिलो. दिवा तीन मिनिटांनी गेला. मी अंधारात तासभर तरी उभा होतो.

जिन्यात चपला वाजल्या. दिवा लागला. तळमजल्यावरच्या आजी होत्या. जिन्यात भेटल्या की कोणत्याही वेळेला "मॉर्गेन", म्हणजे सुप्रभात, म्हणणाऱ्या, आणि मी तीन वर्षं राहूनही दर वेळी मला पहिल्यांदाच पाहिल्यासारखं बघणाऱ्या. त्यांनी घरच्या कपड्यांच्या खिशातून किल्ली काढली, माझं कुलूप उघडलं, आत गेल्या. कोटाचं वरचं बटण निसटलं होतं ते लावलं. भिंग धरून तापमापक वाचला. लिहिलं. मग खोक्यावर बसल्या आणि बादलीला हळू आवाजात म्हणाल्या, "तू हल्ली फार वेळ खालीच बसतोस."

गुडूप, बादली म्हणाली.

आजी हसल्या. घरातलं माणूस नेहमीचं काहीतरी बोललं की आपण हसतो, तेवढंच. त्या क्षणी तळघरात भूत कोणी असेल तर ते मी होतो. श्वास रोखून, सायकलींमागे, दुसऱ्याच्या नवराबायकोचं बोलणं ऐकत.

हाउसमाइस्टरने उरलेलं सांगितलं. आजोबा कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्या खणात वर्षानुवर्षं बिअर करायचे. चार वर्षांपूर्वी गेले. आजींना हल्ली कधी कधी आठवत नाही. एक मुलगी आहे, लांबच्या गावी.

मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आल्झो, तर मग तू सरळ जा. बेल वाजव. सांग की मी वरचा, केलर आता माझा आहे, तुम्ही या, पण मला भेटून या. लाडू देते, घेऊन जा."

"जाईन."

"आणि ते लिहिणं बंद कर. तू कोणाच्या तरी नवऱ्याच्या नावाने लिहितोयस."

"नाव कुठे लिहितो मी? नाव लिहीतच नाही."

"तेच तर," ती म्हणाली.

मी गेलो नाही. लाडू आम्हीच खाल्ले. मला कारणं भरपूर होती: त्या घाबरतील, त्यांना लाज वाटेल, किल्ली परत करतील. खरं कारण असं की डिसेंबरची बादली आजवरची सर्वांत सुंदर आंबत होती. आणि दुसरंही एक खरं कारण होतं, जे मी बायकोलाही सांगितलं नाही. मला ते लिहिणं आवडायला लागलं होतं. परदेशात इतक्या वर्षांत वहीत माझ्यासाठी कोणी "आज फार दमलेला दिसतोस, लवकर वर ये" असं लिहिलं नव्हतं. मी उत्तरं देत गेलो. "होय." "बघतो." "गुडघा आता बरा आहे."

नाताळानंतर एका पानावर, तसंच वेडंवाकडं श्री काढून, त्यांनी लिहिलं: "मुलगी म्हणते मला हाइममध्ये जावं लागेल. म्हणते मी एकटी राहू शकत नाही. तू तिला सांग. तुझं ती ऐकते."

हाइम म्हणजे वृद्धाश्रम. मी पेन्सिल हातात घेऊन उभा होतो. दिवा गेला. मी बटण दाबून परत आलो आणि लिहिलं, "सांगतो."

तो माझ्या हाताने लिहिलेला शब्द आहे. वहीत आहे. कोणी जबरदस्ती केली नव्हती.

जानेवारीत एका रविवारी दुपारी आमची बेल वाजली. दारात पन्नाशीची एक बाई, कोट घातलेली, थकलेली. तळमजल्यावरच्या आजींची मुलगी म्हणून तिने ओळख दिली. आत यायला नको म्हणाली.

"एक विचारायचं होतं. शेवटचा केलर तुमचा ना?"

"हो."

"आई म्हणते, तळघरात कोणीतरी तिला लिहितं. रोज. वही आहे म्हणते." तिने डोळे चोळले. "पपांना जाऊन चार वर्षं झाली. डॉक्टरांनाही ती हेच सांगत होती. मला फक्त खात्री करायची आहे. तुम्ही काही पाहिलंय का? कारण हे खरंच काही असेल, तर मला वेगळा विचार करता येईल. नाहीतर मी तिला आता एकटीला ठेवू शकत नाही."

याहून सोपं कोणी कुणाला विचारू शकत नाही. मी म्हणायचं होतं: मी लिहितो. आई बरोबर सांगतायत. एवढंच. माझ्या मनात मात्र त्या क्षणी भराभर चित्रं आली. ही बाई वही चाळते आहे, तिच्या बापाच्या जागी बसून मी लिहिलेलं "गुडघा आता बरा आहे" वाचते आहे, आणि मग माझ्याकडे बघते आहे.

"वही आहे," मी म्हणालो. "माझी. बिअरची. तापमानं असतात त्यात."

"फक्त तापमानं?"

"या," मी जर्मनमध्ये म्हणालो. हो.

तिने मान हलवली, त्रास दिला म्हणून माफी मागितली आणि खाली गेली. मी दार लावलं आणि मग, आधीच्या खोटेपणाने पोट भरलं नव्हतं म्हणून की काय, दोन मिनिटं थांबून पायांचा आवाज न करता तळघरात गेलो आणि वही खिळ्यावरून काढून आणली.

अर्ध्या तासाने जिन्यात आवाज झाले. दोघी खाली चालल्या होत्या. मी आमचं दार किंचित उघडून उभा राहिलो. जुन्या इमारतीत जिना म्हणजे पाइप असतो, खालचा शब्द वर येतो.

"इथे होती," आजींचा आवाज. "इथे टांगलेली होती. ह्या खिळ्याला."

मुलगी काही बोलली, ते ऐकू आलं नाही.

"इथे," आजी पुन्हा म्हणाल्या. "बघ, पेन्सिल आहे."

मग चपला वर येऊ लागल्या, फार सावकाश. वही माझ्या छातीशी होती. बायको माझ्या मागे येऊन उभी होती हे मला वळल्यावर कळलं. तिने वहीकडे पाहिलं आणि ती आत निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

फेब्रुवारीत आजींचं सामान गेलं. दोन दिवस मी लवकर कामावर गेलो आणि उशिरा आलो, म्हणजे मला ते बघायला लागलं नाही. तिसऱ्या दिवशी तळघरात गेलो. कुलूप लावलेलं होतं, पण किल्ली त्यातच होती, पहिल्या दिवशी होती तशी. आत, वहीच्या रिकाम्या खिळ्याला एक कागद टोचलेला होता. किटमधला सूचनांचा कागद, पाठकोरा. वर ते चित्रातलं श्री. खाली निळी शाई.

"हे चिन्ह माझा नवरा कधी काढत नव्हता. तुम्ही तो नाही, हे मला सुरुवातीपासून माहीत होतं. खाली कोणीतरी आहे हे बरं वाटायचं. मी मुलीला नवऱ्याबद्दल बोलले नाही. कोणीतरी लिहितं, एवढंच म्हणाले. वही दाखवली असती तर तिला पटलं असतं. तुम्ही सांगतो म्हणाला होतात. बादली गार पडू देऊ नका."

मी खोक्यावर बसलो. दिवा गेला तरी उठलो नाही. सुरुवातीपासून माहीत होतं, असं त्यांनी लिहिलं आहे. मला ते पूर्ण पटत नाही. डॉक्टरांची ती ओळ, ते "लवकर वर ये", हे मला लिहिलेलं नव्हतं. काही दिवस त्यांना माहीत असेल, काही दिवस नसेल. मला मात्र रोज माहीत होतं.

नवी बादली लावली होती. तिच्यावर मी कोट ठेवला नाही. त्याच्याकडे बघवेना. काढून खिळ्याला अडकवला तर तो तिथे उभा राहिल्यासारखा दिसू लागला, म्हणून भिंतीकडे तोंड करून अडकवला. वही मात्र पुन्हा टांगली. तिच्यात मी रोज लिहायचो आणि खालची ओळ रिकामी सोडायचो. दोन्ही किल्ल्या आता माझ्याकडेच होत्या, तळमजल्यावर रंगकाम चाललं होतं. तरी रोज बादलीकडे बघण्याआधी मी ती ओळ बघायचो. तिसऱ्या आठवड्यात नळीचा आवाज थांबला. यीस्ट थंडीने आखडून तळाशी बसलं होतं. बिअर अर्धवट, गोड राहिली.

मुलीचा नंबर जिन्यातल्या एका चिठ्ठीवर होता. जुनं कपाट कुणाला हवं असेल तर, म्हणून. मार्चमध्ये मी फोन केला आणि सगळं सांगितलं. कारखान्यात वरिष्ठांपुढे चूक कबूल करताना सांगतो तसं, क्रमाने, काहीही न गाळता.

"वही अजून आहे?" तिने विचारलं.

"आहे."

"घर आता दुसऱ्यांना दिलंय," ती म्हणाली. "जानेवारीत सांगितलं असतं तर." वाक्य तिने पुरं केलं नाही. मग हाइमचा पत्ता सांगितला. "रविवारी मी तिथे असते. वही घेऊन या."

मी वही नेली आणि त्या अर्धवट बिअरची एक बाटली. बायको म्हणाली, चांगली ने, डिसेंबरची आहे की. मला वाटलं, जी आहे तीच न्यावी.

आजी खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. मुलगी पलंगाच्या कडेला. मी काही बोलायच्या आत आजींनी वही ओळखली. मांडीवर घेतली, पानं उलटली, आणि माझ्या हाताच्या एका श्रीवरून बोट फिरवलं, खालून वर.

मुलीने प्याल्यात थोडी बिअर ओतून दिली. आजींनी घोट घेतला, जिभेवर धरला.

"ही थंडीत अडकली," त्या म्हणाल्या. "कोट घातला नव्हतास."

"नाही," मी म्हणालो. "चुकलं."

"तू नेहमीच विसरतोस."

मी मुलीकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण तिने मला थांबवलं नाही.

आजींनी प्याला खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. जिन्यात कधी पाहिलं नव्हतं इतकं नीट. "हिला सांगितलंस का?"

"हो," मी म्हणालो. "सांगितलं."

"मग चल," त्या म्हणाल्या आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठू लागल्या. "घरी जाऊ. तू कोट घाल, बाहेर गार आहे."

मुलगी खिडकीबाहेर बघत होती. कोट तळघरात होता, भिंतीकडे तोंड करून.